प्रति समभाग

दर ऑगस्टला गेटवर सही करून
मुरकुटे वार्षिक अहवाल घेऊन येतात,
पान एकशे बारावर बसचं तिकीट खुणेला.
अठ्ठावीस वर्षं पंपांच्या केसिंगना भोकं पाडली त्यांनी,
इथेच, भोसरीच्या मागच्या शेडमध्ये.
निवृत्तीच्या आधी मिळाले पन्नास समभाग.
"मॅडम, ह्या वर्षी माझ्या वाट्याला किती?"

मी म्हणते, बसा. आधी देणी.

दहा वर्षांपूर्वी आपण कर्जरोखे काढले होते, आठवतं?
नवी फाउंड्री उभी राहिली त्याच पैशांतून.
शंभराचा रोखा चौऱ्याण्णवला गेला,
कारण नऊ टक्क्यांना बाजारानं नाक मुरडलं.
ते वरचे सहा रुपये
मी एकदम खर्ची टाकले नाहीत.
पहिल्या वर्षी अडतीस पैसे,
मग एक्केचाळीस, मग सेहेचाळीस,
शेवटच्या वर्षी एकोणनव्वद.
दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं
पोराची उंची मांडावी, तशी दर मार्चला एक नोंद.
एकतीस मार्चला तो पुरा शंभर झाला
आणि त्याच दिवशी फेडला गेला.
वही कोरडी असते हो,
पण त्या रात्री शेवटची नोंद दाबताना
मी जरा थांबले होते.

रोखेवाल्याला तारीख ठाऊक असते, रक्कमही.
तुम्हाला काय ठाऊक असतं?
पोलादवाले, बँक, पगार, सरकार,
मग अग्रहक्कवाल्यांचे बारा लाख,
सगळ्यांची ताटं उठली
की पातेल्याच्या बुडाला जे खरवडून निघतं
ते तुमचं.
ताळेबंदात त्यालाच मालकी म्हणतात.

(माझंही तसंच. दिवसाची सगळी देणी फिटली
की नाशिक फाट्यापासून मोशीपर्यंत
खिडकीची जागा मिळाली तर, तेवढी माझी.)

"म्हणजे किती?"

दोन कोटी चौऱ्याऐंशी लाख.
भागायचे अठ्ठ्याऐंशी लाख समभागांनी.
खरे शहाण्णव आहेत, पण सोळा लाख
ऑक्टोबरच्या एक तारखेला आले.
अर्धंच वर्ष राबले, म्हणून अर्धेच मोजले.
मुरकुटे मान डोलावतात. हे त्यांना पटतं.
हजेरीपुस्तकाचा हिशोब त्यांना पाठ आहे.
तीन रुपये तेवीस पैसे.

"मग खाली हे तीन रुपये चार पैसे कुणाचे?"

शेजारच्या टेबलावरून निलोफर मान वर करते,
कोंढव्याची आमची नवी आर्टिकल.
तिनंही परवा हेच विचारलं होतं.

काही रोखे असे आहेत, मी सांगते,
जे उद्या मनात आणतील तर समभाग होतील.
बारा लाख जण, समजा, दारात उभे.
आत आले तर आमटीत पाणी घालावं लागेल.
अगदी रिकाम्या हातानं येणार नाहीत ते,
त्यांचं व्याज वाचेल, वीस लाख,
तो त्यांचा शिधा.
तरी आमटी पातळच.

"पण आलेत का ते?"
नाही.
"येणारेत?"
माहीत नाही. पण मोजावं लागतं.

मुरकुटे चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसतात.
"आमची ही रोज दोन भाकऱ्या जास्त थापते.
धाकटा चेन्नईला आहे. सांगून येत नाही कधी."
मग स्वतःशीच, बोटांवर:
पन्नास गुणिले तीन तेवीस,
एकशे साडेएकसष्ट.
"हातात किती?"

लाभांश रुपयाला एक. पन्नास रुपये.
बाकीचे राखीव निधीत, तुमच्याच नावचे,
तुमच्या हाती न येणारे.

ते हसतात. अहवाल पिशवीत घालतात.
तिकीट मात्र तसंच पान एकशे बारावर ठेवतात,
पुढच्या वर्षीचा अहवाल वेगळा असेल
हे ठाऊक असून.

निलोफर विचारते, मॅम, भाकऱ्या उरल्या तर?
मी म्हणते, ती नोंद आपल्याकडे येत नाही.